जुनी चिठ्ठी काढायची नाही

तुळशीचं शास्त्रीय नाव काय, असं ठाण्यातल्या चार निसर्गप्रेमींना एकत्र बसवून विचारा. दोघं म्हणतील ऑसिमम सँक्टम, दोघं म्हणतील ऑसिमम टेन्यूफ्लोरम, आणि चहा गार झाला तरी वाद मिटणार नाही. सँक्टमच्या बाजूला आयुर्वेदाचा सरकारी औषधकोश आहे, काढ्याच्या बाटल्यांवरची लेबलं आहेत, आपण कॉलेजात पाठ केलेली पुस्तकं आहेत. टेन्यूफ्लोरमच्या बाजूला लंडनच्या क्यू उद्यानाची यादी आणि हल्लीचे बहुतेक वर्गीकरणतज्ज्ञ. गंमत म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाने ठेवलेली. कार्ल लिनियसने १७५३ साली टेन्यूफ्लोरम लिहिलं आणि १७६७ साली सँक्टम. त्याला त्या दोन वेगळ्या वनस्पती वाटल्या होत्या. पुढच्यांना त्या एकच वाटल्या. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते की एकाच वनस्पतीला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं. चौदा वर्षांच्या फरकाने सँक्टम मागे पडलं, एवढाच मामला. यात परंपरेचा अपमान नाही की परदेशी कट नाही.

हे सगळं चहाच्या टेबलापुरतं राहिलं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण शास्त्रीय नाव आता पुस्तकातून उठून रस्त्यावर आलं आहे. नागरी भागातल्या वृक्षांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आहे, त्याखाली शहरांना झाडांची गणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. त्यापाठोपाठ सोसायट्यांना, शाळांना, बागांना आपापल्या झाडांवर पाट्या लावायची हौस आली. घोडबंदर रोडला आमच्या आवारात दोन पर्जन्यवृक्ष आहेत, फांद्या एकमेकांत अडकलेले. एकाच्या पाटीवर 'अल्बिझिया सामान', दुसऱ्याच्या पाटीवर 'समानिया सामान'. दोन पाट्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या, दोन वेगळ्या ठेकेदारांच्या. खालून जाणारी पोरं त्यांना दोन जातींची झाडं समजतात, आणि त्यांचं काय चुकलं? पाटीवर जे लिहिलंय तेच ती वाचतात.

त्यातून कमिटीच्या बैठकीत नेहमीचं भांडण झालं. एक बाजू म्हणाली, या शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही, दर दहा वर्षांनी नावं बदलतात, तेव्हा मराठी नाव लिहा आणि विषय संपवा. दुसरी बाजू म्हणाली, 'अल्बिझिया' चूक आहे, पाटी बदला, आपलं हसं होतंय. मला दोन्ही बाजू सारख्याच आळशी वाटतात. पहिलीला समजून घ्यायचं नाही, दुसरीला ताजं नाव माहीत असण्याचा मान हवा आहे, आणि मोबाईलवरच्या ॲपमुळे तो मान हल्ली फार स्वस्तात मिळतो.

मुद्दा असा की नाव 'बरोबर' असण्याचे दोन प्रकार आहेत आणि आपण ते एकाच पोत्यात भरतो.

तुळशीचा प्रकार सरळ आहे. सँक्टम आणि टेन्यूफ्लोरम एकच मानल्यावर निवडायला काही उरत नाही. तारखा बघायच्या आणि जुनं नाव घ्यायचं. ताम्हणाचंही तेच. आपल्या राज्यफुलाला जुन्या पुस्तकांत लॅगरस्ट्रोमिया फ्लॉस-रेजिनी म्हणायचे, आता स्पेसिओसा म्हणतात, कारण त्याआधीचा 'स्पेसिओसा' सापडला. इथे मतभेदाला जागा नाही, ही कारकुनी आहे, आणि कारकुनी चोख असावी.

कारवीचा प्रकार वेगळा. कारवी फुललेल्या वर्षी येऊरला गेलेल्या एका गटात मी हा संवाद ऐकला. कॉलेजचा एक मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, हे स्ट्रोबिलँथस कॅलोसा दाखवतंय." निवृत्त प्राध्यापक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "त्याला सांग, आम्ही कार्व्हिया कॅलोसा शिकलोय आणि तेच शिकवलंय." मुलगा कचरला नाही. "पण सर, कुकच्या फ्लोरामध्ये पण स्ट्रोबिलँथसच आहे. ते तर तुमच्याही आधीचं." सर हसले, म्हणाले, "अभ्यास केलायस म्हणजे. मग आता तूच सांग, मधल्या पन्नास वर्षांत आम्ही सगळे चूक होतो का?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. थिओडोर कुकने मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली तेव्हा कारवी स्ट्रोबिलँथस या मोठ्या प्रजातीत (म्हणजे अनेक जातींच्या गटात; शास्त्रीय नावातला पहिला शब्द त्या गटाचा) होती. १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच वनस्पतितज्ज्ञाने ती अगडबंब प्रजाती फोडून तिच्या अनेक लहान प्रजाती केल्या, त्यातली एक कार्व्हिया. नाव चक्क आपल्या कारवीवरून घेतलेलं, त्यामुळे आपल्याकडच्या मंडळींना ते आवडलंही. नंतरच्या अभ्यासकांना या तुकड्यांच्या सीमा पटल्या नाहीत, त्यांनी बहुतेक पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये जमा केले. आता संहिता काय म्हणते? कारवीला वेगळी प्रजाती मानत असाल तर कार्व्हिया कॅलोसा हेच बरोबर नाव. मानत नसाल तर स्ट्रोबिलँथस कॅलोसा. वेगळी मानायची की नाही, यावर संहिता एक अक्षर बोलत नाही. ते ठरवणं तिचं कामच नाही. तो पुराव्याचा आणि मताचा प्रश्न आहे, आणि मत बदलू शकतं.

पर्जन्यवृक्ष याच वाटेने गेला. १८०० साली तो मिमोसा होता, मग पिथेसेलोबियम, एन्टरोलोबियम, समानिया, अल्बिझिया असा फिरून आता बहुतेक याद्यांत परत समानियावर आला आहे. आपल्या बाल्कनीतला पानओवाही असाच: कोलियस, मग प्लेक्ट्रँथस, आणि २०१९ पासून पुन्हा कोलियस. रानातल्या हेदूचं ॲडिना, हल्डिना, पुन्हा ॲडिना. 'पुन्हा' म्हटलं की लोकांना वाटतं, बघा, आधीचंच बरोबर होतं, उगाच द्राविडी प्राणायाम केला. तसं नाही. मधल्या काळात गुणसूत्रं, परागकण, डीएनए असं बरंच काही तपासलं गेलं, आणि आज समानिया म्हणण्यामागे जो पुरावा आहे तो शंभर वर्षांपूर्वी नव्हता.

आणि बदलातून काहीतरी कळतंही, हे आपण विसरतो. ठाणे खाडीच्या चिखलात उभी असलेली तिवर आम्हाला व्हर्बेनेसी कुळात शिकवली गेली, म्हणजे घाणेरीच्या, त्या काळच्या हिशेबाने सागाच्याही, नात्यात. डीएनएच्या अभ्यासानंतर ती अकँथेसीत गेली. अकँथेसी हे कारवीचं कुळ. म्हणजे येऊरच्या उतारावरची कारवी आणि कळवा-ऐरोलीच्या खारफुटीतली तिवर या एकाच कुळातल्या निघाल्या. एक डोंगरावर वर्षानुवर्षं थांबून एकदाच फुलते आणि मरते, दुसरी खाऱ्या पाण्यात नाकं वर काढून श्वास घेते. ही माहिती ज्याला 'उगाच केलेला बदल' वाटते त्याच्याशी मी वाद घालत नाही.

आता बाभळीकडे येऊ, कारण तिथे प्रकरण इतकं निर्मळ नाही. आपली बाभूळ कुकच्या काळी अकेशिया अरेबिका होती, नंतर अकेशिया निलोटिका झाली. 'अकेशिया' हे नावच मुळात नाईलकाठच्या काटेरी झाडासाठी ग्रीकांनी वापरलेलं. पुढे लक्षात आलं की अकेशिया म्हणून जो तेराशेहून अधिक जातींचा गठ्ठा बांधला आहे तो एका वंशाचा नाही, फोडावा लागेल. फोडल्यावर 'अकेशिया' हे नाव ज्या तुकड्यात प्रमाण नमुना (म्हणजे ज्या जातीशी ते नाव कायमचं बांधलेलं असतं ती) त्या तुकड्याला मिळायचं, म्हणजे आफ्रिका-भारताच्या बाभळीला. ऑस्ट्रेलियातल्या जवळपास हजार जातींना नवीन नाव घ्यावं लागलं असतं. ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांनी २००३ साली प्रस्ताव मांडला की प्रमाण नमुनाच बदला, म्हणजे कमीत कमी नावं बदलतील. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण तज्ज्ञ समितीने प्रस्तावाच्या बाजूने शिफारस केली होती, ती उलटवायला साठ टक्के लागतात आणि तेवढी पडली नाहीत. प्रस्ताव तरला, २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ झाली व्हॅशेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. व्हॅशेल कोण? मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांसाठी नेमलेला एक पाद्री, ज्याने चीनमध्ये झाडं गोळा केली. आणि आपल्याकडे रस्त्याकडेला, टेकड्यांवर लावून ठेवलेली बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आजही अकेशिया. पाहुणी घरमालकीण झाली.

या निकालावर मी नाराज आहे, पण अमान्य करत नाही. हजार नावं बदलण्यापेक्षा तीन-चारशे बदलणं सोपं, या युक्तिवादात तथ्य आहे. खटकतं ते वेगळंच. परिषदेत मतं दोन प्रकारची असतात: प्रत्यक्ष हजर असलेल्यांची आणि संस्थांची. ज्यांच्याकडे विमानाचं तिकीट आणि मोठी हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह, त्यांचा आवाज मोठा. म्हणून 'बरोबर नाव' हे आकाशातून पडत नाही, ते एका सभागृहात, हात वर करून ठरतं. २०२४ साली माद्रिदला असंच ठरलं की 'कॅफ्रा' असलेल्या दोनशेहून अधिक नावांत तो शब्द काढून 'अफ्रा' करायचा, कारण मूळ शब्द आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी शिवी आहे. आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकी भाऊबंद त्यामुळे एरिथ्रिना अफ्रा झाला. एका अक्षराची भर-वजाबाकी, कुणाचं काही बिघडलं नाही. शेवंतीवाल्यांनीही आपलं काम करून घेतलं. फुलबाजाराची शेवंती काही काळ डेंड्रँथेमा झाली होती. बागायतदारांच्या जगातून ओरड झाली, रीतसर प्रस्ताव गेला आणि १९९९ साली शेवंतीला क्रिसँथेमम परत मिळालं. आयुर्वेदवाल्यांना 'सँक्टम' हवंच असेल तर ही वाट त्यांनाही मोकळी आहे: नाव जतन करण्याचा प्रस्ताव लिहा, कारणं द्या, समितीसमोर टिकवा. लेबलावर जुनं नाव छापत राहणं आणि नव्या नावाला नाकं मुरडणं याला भूमिका म्हणत नाहीत.

मराठी नाव लिहून विषय संपत नाही, तो कसा ते बघा. मुंबई-ठाण्याच्या बाजारात 'ब्राह्मी' म्हणून मिळणारी गोल पानांची जुडी बहुतेकदा सेंटेला एशियाटिका असते, म्हणजे ग्रंथांतली मंडूकपर्णी. औषधकोशातली ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी, लहान जाड पानांची वेगळीच वनस्पती. 'तिवर' म्हटलं की खाडीकाठी ॲव्हिसेनियाच्या दोन तरी जाती येतात. कोळीवाड्यात, पाड्यावर ही नावं अचूक असतात कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच झाडाकडे बघत असतात. कागदावर उतरली की ती अचूकता सुटते. तरीही मराठी नाव पाटीवर सगळ्यात वर, ठळक हवं. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत खैर हा 'खैर' आहे, म्हणून तो अकेशिया असो की सेनेगालिया, कुऱ्हाड चालवणाऱ्याला पळवाट मिळत नाही.

नाव चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच, म्हणजे खरी गुळवेलच, होती कशावरून? दिसायला तशीच असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. कोण बरोबर यात मी पडत नाही. करोनाच्या त्या दिवसांत ठाण्यात लोक कुंपणावरची, शेजारच्या आंब्यावरची वेल तोडून उकळत होते, एवढं सगळ्यांनी पाहिलं आहे. असा वाद पेटल्यावर कुणी कागदावर लिहिलेलं नाव उपयोगी पडत नाही, वेलीचा तुकडा उपयोगी पडतो.

म्हणून मला हर्बेरियममधली एक साधी पद्धत फार मोलाची वाटते. मुंबईला सेंट झेविअर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा ठिकाणी जाड कागदाच्या तावावर दाबून वाळवलेली फांदी चिकटवलेली असते. पानं तपकिरी पडलेली, पण शिरा अजून मोजता येतात. गळलेली फुलं एका छोट्या पाकिटात. खालच्या उजव्या कोपऱ्यात मूळ लेबल: कुठे, कधी, कुणी तोडलं, आणि त्या वेळी काय नाव वाटलं. पुढे एखादा तज्ज्ञ येतो, त्याला वेगळं वाटतं. तो लेबल खोडत नाही, फाडत नाही. आपलं नाव, तारीख आणि आपल्या मते काय, अशी लहान चिठ्ठी शेजारी चिकटवतो. तीस वर्षांनी तिसरा येतो, तो आणखी एक. जुनी चिठ्ठी काढायची नाही, हा तिथला शिरस्ता. एका तावावर तीन-तीन, चार-चार मतं शेजारी नांदतात, आणि सगळ्यांच्या मध्ये ती फांदी जशीच्या तशी. नावावर भांडायचं असेल तर तिच्याकडे बघून भांडा.

आपल्या सार्वजनिक नोंदी नेमकं उलटं करतात. नाव एकच, तेही कुणाचं ते न सांगता, आणि बदललं की जुनं पुसून. 'इंटरनेटवर बघितलं' याला हल्ली संदर्भ म्हणतात. द प्लांट लिस्ट नावाची जागतिक यादी २०१० साली आली, तिची दुसरी आवृत्ती २०१३ ला निघाली आणि मग काम थांबलं. त्या शेवटच्या आवृत्तीत साडेदहा लाखांवर नावं होती. त्यातली साडेतीन लाख मान्य, पावणेपाच लाखांच्या घरात पर्यायी, आणि जवळजवळ अडीच लाख नावांपुढे 'निर्णय झालेला नाही'. प्रत्येक चौथं-पाचवं नाव अधांतरी! आज क्यूची यादी वेगळी, वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइनची वेगळी, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची वेगळी, आणि तिन्हींत काही नावांवर एकमत नाही. ते असणारही नाही. मग पाटी लिहिणाऱ्याने काय करावं? एक यादी धरावी, आणि कुठली धरली ते लिहावं. 'क्यू, २०२४ प्रमाणे' एवढे शब्द पाटीच्या तळाला बारीक अक्षरात मावतात. वृक्षगणनेच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना आणि मागच्या गणनेतल्या नावासाठी दुसरा. नाहीतर दोन गणनांची तुलना करताना अल्बिझियाची शेकडो झाडं 'नाहीशी' झाली आणि समानियाची शेकडो 'उगवली' असं संगणक बिनदिक्कत सांगेल.

सातबाऱ्यावर मालक बदलला तरी फेरफाराचा क्रमांक राहतो, तशी सोय शास्त्रीय नावातही आहेच. पूर्ण लिहिलं तर बाभळीच्या नावामागे कंसात लिनियसचं आद्याक्षर आणि कंसाबाहेर, तिला व्हॅशेलियात नेणाऱ्यांची नावं येतात. मूळ कुणी ठेवलं, कुणी हलवलं, दोन्ही. आपण पाटी करताना नेमका हाच भाग 'सामान्य माणसाला काय करायचंय' म्हणून गाळतो.

वारसा वृक्ष ठरलेल्या प्रत्येक झाडाची एक फांदी, फूल-फळासकट, हर्बेरियममध्ये जमा व्हावी आणि तिचा क्रमांक नोंदीत यावा, असं मी आमच्या कमिटीला सुचवलं. खर्च किती, हा पहिला प्रश्न आला. कागद, डिंक, जुनी वर्तमानपत्रं आणि बॉटनीच्या दोन विद्यार्थ्यांचा रविवार. एका क्यूआर पाटीहून जास्त नाही. दुसरा प्रश्न आला, मग त्या दोन पर्जन्यवृक्षांपैकी कुठली पाटी काढायची? मी म्हटलं, एकही नाही. दोन्हींवर दोन्ही नावं लिहा, वर्ष घाला, वरती मोठ्या अक्षरांत 'पर्जन्यवृक्ष'. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, कारण कुणीतरी विचारलं की 'पर्जन्यवृक्ष' लिहायचं की 'विलायती शिरीष'.